स्टुडिओचं उद्घाटन आणि आमचे चार शिक्षक

रेघोटी
यंदाच्या अक्षय्य तृतीयेला मी आणि माझ्या मैत्रिणीने नारायण पेठेत आमचा डिझाइन स्टुडिओ सुरू केला. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक मोठं कटिंगचं टेबल. लेबलं, पॅकेजिंग, लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं ही आमची कामं. शॉप ॲक्ट आणि उद्यम नोंदणीची माहिती मला इथल्याच जुन्या धाग्यांवरून मिळाली, म्हणून त्याबद्दल पुन्हा लिहीत नाही. लिहायचंय ते उद्घाटनाच्या दिवसाबद्दल.

कुणाच्या हस्ते करायचं यावर दोन्ही घरांत बरीच चर्चा झाली. सासरे म्हणाले, ओळखीचे उद्योजक आहेत, कामं मिळतील. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण आम्ही दोघी एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो आणि आज हाताला जे येतं ते कुणाकुणाकडून आलं ते लिहून काढलं. चार नावं निघाली. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, मराठीचे सर, कला महाविद्यालयातले अक्षरलेखनाचे सर आणि आम्ही शिकत असताना ज्या छापखान्यात उमेदवारी केली तिथले काका. काकांनी कधी फळा-खडू हातात धरला नाही, पण त्यांना यादीतून वगळायचा विचारही आला नाही.

बाईंबद्दल थोडं सविस्तर सांगते. एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेची तयारी चालू होती. वस्तुचित्राला समोर तांब्या आणि भांडं. मी तांब्याचं तोंड छान लंबगोल काढलं आणि बूड सरळ रेघेने संपवलं. बाई मागून आल्या, लाल पेन्सिलीने माझ्या रेघेखाली एक वाक काढला आणि म्हणाल्या, "तोंड गोल आणि बूड सपाट, असा तांब्या कुठे मिळतो? आणि बूड डोळ्यापासून जास्त खाली आहे, तर त्याचा गोल तोंडापेक्षा जास्त उघडा दिसणार. वाकून बघ, मग उभी राहून बघ." मी खरंच वाकून पाहिलं. गोल मिटत गेला. उभी राहिले तर उघडला. सातवीतल्या मुलीला हे जादूसारखं वाटलं होतं. आज लोणच्याच्या बरणीवर लेबल बसवून गिऱ्हाइकाला दाखवते तेव्हा लेबलाची वरची कड आणि खालची कड वेगवेगळी वाकवते. वेगळं काहीच करत नाही मी, तो तांब्याच काढते.

तो कागद आईने जपून ठेवला होता. लाल वाकासकट.

सत्कार म्हणजे शाल-श्रीफळ, एवढंच डोक्यात होतं. मग वाटलं, बाईंना शाल दिली तर त्यांना कळणार कसं की त्यांचा तांब्या अजून चालू आहे? म्हणून भिंतीवर चार जागा केल्या. बाईंच्या जागी तो सातवीतला कागद आणि शेजारी बरणीचं लेबल. अक्षरलेखनाच्या सरांच्या जागी त्यांनी छाटून दिलेला बोरू आणि आमच्या पाटीचं पहिलं रेखाटन. काकांच्या जागी घडीवर फुटलेली एक पत्रिका आणि तीच पत्रिका नीट घडी पडलेली. कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने घडी घेतली तर ती स्वच्छ पडते, आडवी घेतली तर जाड कागद घडीवर तडकतो. हे काकांनी एकदा फाडून दाखवलं होतं, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मराठीच्या सरांची जागा मात्र आधी रिकामी राहिली. व्याकरण भिंतीवर कसं लावणार? ती त्यांनीच भरली.

निमंत्रणपत्रिका आम्हीच केली, ७५ छापल्या, आणि सरांना द्यायला आधी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अगं, पत्रिका देखणी आहे. कागद छान, रंग छान. फक्त पहिल्या शब्दात द ला घ जोडायचा होता की ध?" मी कॉम्प्युटर उघडून पाहिलं. मोठ्या अक्षरात 'उद्धाटन' छापलं होतं. चार वेळा वाचून दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण जोडाक्षरात घ आणि ध त्या फॉन्टमध्ये जवळजवळ सारखे दिसतात. सर फोनवरच म्हणाले, "उद् अधिक घाटन. पाय मोडून लिही, म्हणजे वाचणाऱ्यालाही दिसेल." त्या रात्री सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या, द चा पाय मोडून. खर्च झाला, तो सोसला.

समारंभ संध्याकाळी साडेपाचला ठेवला. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांपैकी, अख्खा दिवस चांगला, त्यामुळे वेळ शिक्षकांच्या सोयीने ठरवता आली. ऊन उतरल्यावर. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचाही तो शेवटचा दिवस, म्हणून पन्हं आणि आंबेडाळ केली.

फीत कापली नाही. कटिंगच्या टेबलावर कार्ट्रिज पेपर पिना लावून ठेवला होता, बाईंना पहिली रेघ काढायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल घेतली आणि तांब्या काढला. हात थोडा थरथरत होता, पण बूड एका रेघेत आलं. मग मराठीच्या सरांनी खिशातून आमची ती चुकलेली पत्रिका काढली. समासात लाल शाईने मुद्रितशोधनाची खूण केलेली, त्याखाली तारीख आणि सही. "ही माझ्या जागी लाव," म्हणाले. लावली आहे.

तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? कसं केलंत? आमचं काय राहून गेलं तेही सांगा.

मुळाकाठ
फार छान वाटलं वाचून. अभिनंदन दोघींचं!

पर्वतीपायथा
रेघोटीताई, आमचे बाबा माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मागच्या दिवाळीत आईने कपाट आवरलं तेव्हा २३ शाली निघाल्या. त्यातल्या बऱ्याच घडीसुद्धा न मोडलेल्या. बाबांना विचारलं, कुठली कुणी दिली? दोन-तीनच सांगता आल्या. पण एका मुलाने त्यांना एक कागद आणून दिला होता. पुलाच्या कामावर साइट इंजिनिअर असताना त्याने त्रिकोणमितीचं जे गणित मांडलं होतं, त्याची पानं. ती त्यांच्या टेबलाच्या खणात वरच असतात, आलं-गेलं की दाखवतात. म्हणून तुमची भिंत मला अगदी पटली.

सुगरण_सहकारनगर
मला वेगळं म्हणायचंय. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, जुन्नर तालुक्यात. एकशिक्षकी शाळा, चार वर्ग एकत्र. तिला निवृत्तीच्या दिवशीही शाल मिळाली नाही, कारण नेमकं तेव्हा बदल्यांचं काहीतरी चालू होतं. पुढे काही वर्षांनी तिच्या एका विद्यार्थ्याने मंचरला दुकान काढलं आणि तिला बोलावून सगळ्यांसमोर शाल पांघरली. आई ती थंडीत रोज वापरायची, विरली तरी. तेव्हा शाल नकोच असं कुणी ठरवू नये. ज्यांना खूप मिळाल्यात त्यांना नको असेल, ज्यांना मिळालीच नाही त्यांना हवी असते.

रेघोटी
अगदी खरं, ताई. मी लिहायचं विसरले. छापखान्यातल्या काकांना आम्ही शाल दिली. त्यांच्या मुलीने आधीच सांगितलं होतं की बाबांचा आजवर कुणी सत्कार केलेला नाही. काकांनी ती खांद्यावरून काढली नाही, पन्हं पितानाही. जाताना दिवसभराच्या उन्हाची धग उरली होती तरी तशीच पांघरून जिना उतरले.

खिळेजुळवणी
काकांबद्दल अजून लिहा ना. माझे आजोबा शनिवार पेठेत जुळारी होते, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवायचे. लहानपणी त्यांच्यासोबत गेले की केस, म्हणजे घरं पाडलेलं खोकं, बघायचे. एकेक घर, त्यात शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे. देवनागरीच्या केसला इंग्रजीपेक्षा किती तरी जास्त घरं, कारण काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं सगळं वेगळं. आजोबांचा हात न बघता बरोबर घरात जायचा. आणि ते उलटं वाचायचे. आरशातलं वाचावं तसं, सहज. ऑफसेट छपाई आल्यावर ते काम गेलं, केस भंगारात वजनावर गेल्या. त्यांचा सत्कार करायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आमच्याही. तुमच्या यादीत छापखान्यातले काका आहेत हे वाचून मी थोडा वेळ काही टंकू शकले नाही.

रेघोटी
काकाही मूळचे जुळारीच, नंतर ऑफसेटवर गेले. फायलीत ३ मिलिमीटर ब्लीड ठेवा, म्हणजे रंग कापायच्या रेघेच्या तेवढा बाहेर न्या, हे आम्हाला कॉलेजात सांगितलं होतंच. पण का, ते काकांनी दाखवलं. कटिंग मशीनखाली कागदाचा गठ्ठा ठेवला, पातं खाली आणलं, आणि वरचा कागद नि खालचा कागद हातात दिला. केसभर फरक. "पातं असं सरकतं, तुझा रंग कडेलाच संपला तर पांढरी रेघ दिसणार." त्या दिवसापासून ब्लीड विसरले नाही. तुमच्या आजोबांबद्दल वेगळा धागा काढा, खिळेजुळवणी. वाचायला आवडेल.

शुद्धशब्द
उद्घाटनाच्या निमित्ताने एक सांगते, कारण धागा शिक्षकांच्या सत्काराचा आहे आणि पुढे कुणी पत्रिका छापणार असेल. 'आचार्यांचा सत्कार' आणि 'आचाऱ्यांचा सत्कार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. रफार की अर्धा ऱ, एवढाच फरक. 'दर्या' आणि 'दऱ्या' तसंच. मी मुद्रितशोधनाचं काम करते, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रमाण अक्षरसंकेतांत, आणताना हा ऱ सगळ्यात जास्त बिघडतो. छपाईला देण्याआधी प्रत्येक ऱ डोळ्यांनी बघा. तुमच्या सरांनी पाय मोडायला सांगितलं ते योग्यच. लहान आकारात द्घ आणि द्ध ओळखणं खरंच कठीण जातं.

कोथरूडची_गच्ची
पाटीबद्दल लिहाल का? अक्षरलेखनाच्या सरांच्या जागी रेखाटन लावलंय म्हणालात.

रेघोटी
हो. आमच्या स्टुडिओच्या नावात ल आणि श दोन्ही आहेत. सर वर्गात सांगायचे की मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. दांडी असलेला ल आणि शेंडी फोडलेला श ही हिंदीची वळणं. २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं ठरवून दिली, पण सर त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या वह्यांवर ते गिरवून घ्यायचे. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेतांक एकच असतो, रूप फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये सॉफ्टवेअरला मजकुराची भाषा मराठी सांगितली की ल बदलतो, काहींत ती सोयच नसते.

पाटी आम्ही फॉन्टमध्ये केलीच नाही, बोरूने लिहिली आणि मग वेक्टर करून घेतली, म्हणजे कितीही मोठी केली तरी कड फाटत नाही. बोरूचं पहिलं शिक्षणही सरांचंच. देवनागरीसाठी छाट रोमनच्या उलट्या दिशेला घ्यायचा, नाहीतर जाड-बारीक चुकीच्या जागी पडतं. अक्षररचनाकार र. कृ. जोशींचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच वर्गात ऐकलं. कॉम्प्युटरवर आपण रोज बघायचो तो 'मंगल' फॉन्ट जोशींनी, म्हणजे कुणीतरी बसून रेखला आहे, हे तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. सरांनी पाटीखाली उभं राहून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "ल बरोबर आहे. श चा देठ बोरूच्या अजून अर्ध्या नोकेने खाली हवा होता." पाटी लागलेली आहे, आता बदलणार नाही. पण छापायच्या कागदांवर देठ खाली घेतला आहे.

डेक्कन_जिमखाना_७८
शिक्षक शोधले कसे? मी दोन वर्षं शोधतोय. शाळेच्या ऑफिसात पत्ता देत नाहीत.

रेघोटी
ते ऑफिसवाले देणारही नाहीत, आणि ते बरोबर आहे. आम्ही शाळेत आमचा नंबर लिहून ठेवला आणि विनंती केली की बाईंना कळवा, त्यांना वाटलं तर त्या करतील. त्यातून काही झालं नाही. शेवटी शाळेतले जुने शिपाई मामा भेटले, ते अजून पेठेतच राहतात. त्यांना सगळ्यांचं माहीत. बाई मुलाकडे धायरीला असतात हे त्यांनीच सांगितलं आणि आधी स्वतः फोन लावून बाईंची परवानगी घेतली. मामांनाही बोलावलं होतं, आले होते.

कमर्शियल_बॅच
धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मीही दसऱ्याला स्वतःचं काम सुरू करतोय, साइनबोर्ड आणि दुकानांची अंतर्गत ग्राफिक्स. माझी यादी काढली तर पहिलं नाव येतं अशा सरांचं ज्यांनी मला रंग शिकवला. पोस्टर कलर सपाट कसा लावायचा, किती पाणी, ब्रश कधी उचलायचा, सगळं त्यांचं. आणि त्याच सरांनी दुसऱ्या वर्षाला माझं सबमिशन सगळ्या वर्गासमोर फाडलं. उशिरा दिलं होतं. उशीर का झाला ते विचारलं नाही. घरी वडील आजारी होते, मी रात्री दवाखान्यात बसून ते काम केलं होतं. तीन आठवड्यांचं काम. तुकडे मी गोळा करून पिशवीत घातले आणि पुढे महिनाभर कॉलेजला गेलो नाही.

आता त्यांना बोलवायचं का? रंग त्यांचाच आहे, हे खोटं बोलता येत नाही. पण त्यांच्या पाया पडायला वाकेन असं वाटत नाही.

पर्वतीपायथा
नका बोलावू. उपकार म्हणून सगळं गिळायचं असं कुठे आहे?

सुगरण_सहकारनगर
बोलवा, पण सत्कार करू नका. पाहुणे म्हणून येऊ देत.

निवृत्त_कलाशिक्षक
मी फारसा लिहीत नाही, वाचतो. एटीडी (कला शिक्षक पदविका) करून ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली.

कमर्शियल बॅच, मी तुमचे सर नाही. पण मीही एक कागद फाडला आहे. नववीतल्या मुलाचा. संकल्पचित्र, म्हणजे नक्षीचं डिझाइन होतं, त्याने दुसऱ्याचं गिरवलंय असं मला वाटलं. नंतर कळलं की गिरवलं नव्हतं, त्याच्या बहिणीकडून तो रांगोळी शिकला होता, त्यामुळे त्याचा हात तसा चालायचा. मला कळलं तेव्हा वर्ष संपत आलं होतं. मी त्याला चांगले गुण दिले आणि मनाशी म्हटलं, झालं. झालं नव्हतं. त्याला हाक मारून, "बाळा, माझं चुकलं," एवढं म्हणायला हवं होतं. शिक्षकाने असं म्हणायचं नसतं अशी आमची समजूत. त्या मुलाने इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला नाव दिलं नाही. आज तो कुठे आहे माहीत नाही.

तुमच्या सरांच्या मनात काय आहे मला सांगता येणार नाही. कदाचित ते विसरलेही असतील, आणि ते ऐकणं तुम्हाला जास्त लागेल. बोलवा असं मी म्हणणार नाही, तो हक्क माझ्याकडे नाही. मला तो मुलगा भेटला आणि त्याने सत्काराला बोलावलं, तर मला शाल घेता येणार नाही. पण तो कागद घेऊन माझ्यासमोर बसला, तर मी बसेन. एवढंच माझ्यापुरतं सांगू शकतो.

खिळेजुळवणी
सर, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे.

कमर्शियल_बॅच
सर, तुमचा प्रतिसाद रात्रभर पुन्हा पुन्हा वाचला. तुकड्यांची पिशवी आईने माळ्यावर ठेवली होती, काल काढली. निम्मे तुकडे आहेत. रंग अजून सपाट आहे, कुठेही ब्रशचा पट्टा नाही.

उद्घाटनाला नाही बोलावणार. त्या दिवशी मला मोकळेपणाने हसायचं आहे. पण दसऱ्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन येईन, पिशवी घेऊन. काय होतं ते इथे सांगेनच असं नाही.

शुद्धशब्द
नका सांगू. जाऊन या.

मुळाकाठ
मी दर रविवारी धागा उघडते आणि पुन्हा सगळं वाचते. रेघोटी, "काय राहून गेलं" असं तुम्ही विचारलं होतं, ते कुणी सांगितलंच नाही. मी सांगते. बसायला पाठ असलेल्या खुर्च्या हव्यात, प्लास्टिकची स्टुलं नकोत. घरी पोचवायला गाडी आधीच ठरवून ठेवायची, कारण समारंभानंतर पेठेत रिक्षा शोधत म्हाताऱ्या माणसाला उभं करणं बरं नाही. पन्ह्यात थोडं बिनसाखरेचं वेगळं. आणि भाषणं तुमची कमी, त्यांची जास्त. त्यांना बोलायचं असतं.

रेघोटी
खुर्च्या होत्या. गाडीही सांगितली होती. बिनसाखरेचं पन्हं मात्र नव्हतं, अक्षरलेखनाच्या सरांनी नुसतं पाणी घेतलं तेव्हा लक्षात आलं. आणि एक मोठी गोष्ट चुकली. इमारत जुनी, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि उभा. बाईंना आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं, पण उतरताना चौथ्या पायरीवर त्यांचा तोल गेला. मैत्रिणीने सावरलं, लागलं काही नाही. बाई हसल्या, पण त्यांनी माझा हात केवढा घट्ट धरला होता ते अजून जाणवतं. दोघी महिनाभर रोज चढत-उतरत होतो तो जिना, भिंतीवर काय लावायचं याचा विचार करत, आणि पायऱ्यांकडे एकदाही पाहिलं नाही.

निवृत्त_कलाशिक्षक
रेघोटी, तुमच्या बाईंचा तो लाल वाक बघावासा वाटतो. मी पण लाल पेन्सिलच वापरायचो. गुडघे फारसे साथ देत नाहीत, तरी कधी आलो तर चालेल का?

रेघोटी
सर, नक्की या. मंगळवारी सुट्टी असते, बाकी कधीही. बाईंचा तांब्या अजून टेबलावरच आहे, आम्ही त्याच्या शेजारी काम करतो. आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला आहे, परवाच. खाली आलात की फोन करा, मी येते.